लकाकीला मार्क किती? तांब्याच्या नाण्यांच्या ग्रेडिंगबद्दल एक तक्रार

नाण्यांच्या लिलावाचा कुठलाही कॅटलॉग उघडा. तांब्याच्या नाण्याखाली वजन दिलेलं असतं, व्यास असतो, टांकसाळीचं नाव असतं आणि मग एक वाक्य हमखास येतं, की मूळ लकाकी शाबूत आहे. वजन काट्यावर केलेलं असतं, व्यास कॅलिपरने घेतलेला असतो. लकाकी कशाने मोजली? डोळ्यांनी. कुणाच्या, ते मात्र लिहिलेलं नसतं.

माझ्या पीएचडीच्या पहिल्या प्रगती-सेमिनारमध्ये माझ्याही तक्त्यात असाच एक रकाना होता, 'लकाकी (1 ते 5)'. समितीतल्या बाहेरच्या सदस्यांनी एवढंच विचारलं, "हे आकडे तुम्ही एका बैठकीत दिलेत की वेगवेगळ्या दिवशी?" अर्थात वेगवेगळ्या दिवशी. काही सकाळी खिडकीपाशी बसून, काही रात्री ट्यूबलाइटखाली. घरी येऊन आधीचे आकडे झाकले आणि तीच नाणी पुन्हा तपासली. बऱ्याच नाण्यांना या वेळी मी वेगळा आकडा दिला, काहींना तर दोन पायऱ्यांनी वेगळा. नुसता माझ्या डोळ्यांचा दोष असता तर चष्मा बदलून भागलं असतं. पण जी पट्टी मी बाजारातून उचलून आणली होती तिच्यातच घोळ आहे असं माझं आता मत झालंय, आणि हा लेख त्या पट्टीवरची टीका आहे. तुमच्यापैकी जे पेटची तयारी करतायत किंवा सिनॉप्सिस लिहितायत त्यांचा विषय नाणी नसेलही. तरी वाचा, कारण तुमच्या प्रस्तावातही एखादा 'लकाकी'सारखा रकाना असण्याची शक्यता बरीच आहे.

आधी पट्टीची कुळकथा. आज जगभर नाण्याच्या अवस्थेला 1 ते 70 असे गुण देतात. ही 70 ची मोजपट्टी विल्यम शेल्डन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची. 1949 साली त्याचं 'अर्ली अमेरिकन सेंट्स' हे पुस्तक आलं. त्याचा विषय होता 1793 ते 1814 या काळातले अमेरिकेचे मोठे, तांब्याचे सेंट. पुस्तक म्हणून ते जबरदस्त आहे. एकाच वर्षाच्या सेंटचे बारीकसारीक ठसे एकमेकांपासून कसे वेगळे ओळखायचे, याची त्याने लावलेली व्यवस्था आजही वापरात आहे, आणि माझी टीका त्या भागावर नाहीच. टीका आहे ती 70 या आकड्यावर. हा आकडा आला कुठून? बाजारभावातून. जेमतेम ओळखू येणारं नाणं एक पट किमतीचं धरलं, तर त्याच प्रकारचं उत्तमातलं उत्तम नाणं साधारण 70 पट किमतीला जातं, असं त्या वेळच्या बाजारात त्याला दिसलं. म्हणून तळाला 1 आणि माथ्याला 70. म्हणजे ही मूळची किमतीची पट्टी. तिच्यावर नंतर अवस्थेचं लेबल चिकटलं.

आता गंमत बघा. आज कुणी अभ्यास करतो की ग्रेड वाढली की किंमत किती वाढते, आणि दोन्हींत घट्ट संबंध सापडला म्हणून खूश होतो. अरे, पण पट्टी किमतीतूनच काढली होती ना! पुढे बाजार बदलला, मूळची पटीची गणितं मोडली, सगळं खरं. तरीही ग्रेड देणाऱ्याच्या डोक्यात 'याला किती येतील' हा विचार बाजूला राहत नाही. ज्या गोष्टीचं स्पष्टीकरण द्यायचं तीच गोष्ट मोजमापात शिरलेली असली, की संबंध सापडणारच.

(जाता जाता: हाच शेल्डन माणसांच्या शरीरांचेही तीन प्रकार पाडून प्रत्येकाला आकडे द्यायचा आणि त्यावरून स्वभाव सांगायचा. 1977 मध्ये तो वारला. पुढे उघडकीला आलं की न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट उचलून त्यांच्या जागी त्याने हलक्या अवस्थेतले ठेवले होते. प्रकरण कोर्टात गेलं. अवस्थेतला फरक त्याच्याइतका बारकाईने कळणारा माणूस दुसरा नव्हता, हेच त्याच्या चोरीतून सिद्ध झालं म्हणायचं.)

शेल्डनच्या मूळ पट्टीत न वापरलेल्या नाण्यांसाठी 60, 65 आणि 70 एवढ्याच पायऱ्या होत्या. 1986 आणि 1987 मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ग्रेडिंग कंपन्या सुरू झाल्या, नाणी प्लास्टिकच्या डबीत बंद होऊन येऊ लागली, आणि 60 ते 70 मधला प्रत्येक आकडा वापरात आला. तांब्यासाठी सोबत रंगाची अक्षरंही आली: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. मूळचा लाल रंग साधारण 95 टक्के किंवा जास्त शिल्लक असेल तर लाल, 5 टक्क्यांहून कमी असेल तर तपकिरी, मधलं सगळं लाल-तपकिरी. तो मधला डबा केवढा मोठा आहे ते बघा! 10 टक्के आणि 90 टक्के एकाच नावाखाली.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे. लकाकी या एका शब्दाखाली किमान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत, आणि त्यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने बदलते.

पहिली गोष्ट, पृष्ठभागाची घडण. यंत्राच्या दाबाखाली ठसा तांब्याच्या चकतीवर आपटतो तेव्हा धातू क्षणभर वाहतो, मधून कडेकडे. ठसा वापरून वापरून झिजला की त्याच्या अंगावर या वाहण्याच्या अतिसूक्ष्म रेषा उमटतात आणि त्या पुढच्या प्रत्येक नाण्यावर जातात. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या या हजारो बारीक चऱ्यांवरून प्रकाश परततो, म्हणून एका दिव्याखाली नाणं फिरवलं की उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरतात. ही खरी टांकसाळीची लकाकी. ती भूमितीची गोष्ट आहे, रसायनाची नाही. आणि ती फार नाजूक असते. बोटाने दोन-चारदा घासलं तरी उंच भागांवरच्या चऱ्या आधी जातात. गंमत म्हणजे अगदी नव्याकोऱ्या, घोटून गुळगुळीत केलेल्या ठशाच्या पहिल्या नाण्यांवर हे आरे कमी दिसतात, ती आरशासारखी असतात. म्हणजे ठशाचं वयही लकाकीत शिरलं.

दुसरी गोष्ट, रंग. ताजं तांबं गुलाबी-लाल असतं. हवेत त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आधी तांबूस, मग तपकिरी, पुढे काळपट. ओलावा आणि क्षार मिळाले तर हिरवा थर धरतो. ज्यांच्या घरी तांब्या-पितळेची भांडी घासली जायची त्यांना हे वेगळं शिकवायला नको. पण हा तपकिरी थर इतका पातळ असू शकतो की खालच्या चऱ्या जशाच्या तशा राहतात. म्हणून पूर्ण तपकिरी नाण्यावरही आरे लख्ख फिरतात. मी स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचा 1835 चा पाव आणा असा पाहिलाय, चॉकलेटच्या रंगाचा, आणि दिव्याखाली धरला की जिवंत झाल्यासारखा. उलट, आम्लात बुडवलेलं नाणं लालबुंद दिसतं आणि फिरवलं तर सगळीकडून सारखंच मंद चमकतं. रंग आहे, आरे नाहीत.

तिसरी गोष्ट, झीज. ती वापराने होते, उंच भागांवर आधी, खोलगट भागांवर शेवटी.

आपल्या भाषेत या गोष्टी वेगळ्या ठेवायला शब्द आहेत, हे विशेष. लकाकी आतून आल्यासारखी वाटते, चकाकी नुसती वर दिसते, आणि झिलई तर माणूस मुद्दाम देतो. जुन्या बाजारातला विक्रेता 'लकाकी आहे मॅडम' म्हणत जी शिवराई पुढे करतो तिच्यावर बहुतेक वेळा झिलई असते. चिंच-मीठ किंवा लिंबू लावलं की त्यातलं आम्ल ऑक्साइड विरघळवतं, खालचं कोरं तांबं उघडं पडतं आणि ते काही आठवड्यांत डागाडागांनी पुन्हा काळं पडायला लागतं. वर राख किंवा पावडर चोळली असेल तर भिंगाखाली एका दिशेने गेलेले समांतर ओरखडे दिसतात. टांकसाळीच्या चऱ्या केंद्रातून बाहेर जातात, घासण्याचे ओरखडे हात जाईल तिकडे. एवढा एक फरक लक्षात ठेवलात तरी निम्मी फसवणूक टळते.

आता खरा मुद्दा. संशोधनात ही लकाकी कशाला वापरतात? बहुतेकदा नाणं किती फिरलं याचा अंदाज बांधायला. मातीत पुरलेला साठा सापडला की त्यातली सगळ्यात ताजी, न झिजलेली नाणी कुठली यावरून साठा कधी पुरला याचा तर्क करतात. पद्धत रास्त आहे. पण तिथे ताजेपणाची खूण म्हणून लकाकी धरली की पाय घसरतो. याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात बोलकं उदाहरण समुद्राच्या तळाशी आहे.

1808 सालची 10 आणि 20 कॅशची तांब्याची नाणी ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास इलाख्यासाठी बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतली होती. एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि साल, दुसऱ्या बाजूला फारसी मजकूर आणि खाली किंमत. वाफेच्या यंत्रांवर चालणारी ही टांकसाळ. मुंबईसाठी तराजूची छाप असलेली 1791 ची नाणीही तिथलीच. तर ही मद्रासची नाणी घेऊन निघालेलं 'ॲडमिरल गार्डनर' हे जहाज जानेवारी 1809 मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ गुडविन सँड्सच्या वाळूत बुडालं. 1980 च्या दशकात पाणबुड्यांनी तिथून लाखांनी नाणी वर काढली. ती पिंपांत घट्ट भरलेली होती. आज बाजारात दिसणाऱ्या 1808 च्या कॅशपैकी पुष्कळशी याच जहाजावरची.

यातलं एकही नाणं कधी कुणाच्या हाती पडलं नाही. मद्रासच्या बाजारात एक भाजीची जुडीही या नाण्यांनी घेतली गेली नाही. सगळ्यांचं फिरणं शून्य, वय सारखं, टांकसाळ एक. तरी पिंपाच्या मध्यभागी दाबून बसलेली नाणी मूळच्या रंगासकट बाहेर आली आणि पाण्याला लागलेली खडबडीत, खड्डे पडलेली. मग लकाकीच्या रकान्याने काय मोजलं? नाणं पिंपात कुठे बसलं होतं ते!

आणि त्याच ठशांची जी नाणी दुसऱ्या जहाजांतून सुखरूप मद्रासला पोचली, ती वापरली गेली, झिजली, तपकिरी झाली. त्यांच्यावर लकाकी नाही. खाऱ्या पाण्यात पडलेल्या काहींवरही लकाकी नाही. रकान्यात दोघांनाही 1. एकाचं कारण माणसाचा हात, दुसऱ्याचं कारण समुद्र. म्हणून एवढंच म्हणता येतं, की आरे शाबूत असतील तर नाणं फारसं फिरलेलं नाही. याचं उलट विधान, म्हणजे आरे नाहीत म्हणून नाणं फिरलं, हे चूक आहे. तर्कशास्त्राच्या पहिल्याच धड्यात आपण हे शिकतो आणि तक्ता भरायला बसलो की विसरतो. मीही विसरले होते.

शिवराईच्या बाबतीत तर ही पट्टी लावणं मला निव्वळ हट्ट वाटतो. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ही नाणी हातोड्याने पाडलेली. चकती ओबडधोबड, ठसा कधी मध्यावर बसला, कधी कडेला सरकला. धातू इथेही वाहतो, पण प्रत्येक घावाचा जोर आणि कोन वेगळा. त्यात शिवराई छापण्याची परंपरा शिवछत्रपतींनंतर पेशवाईत आणि पुढेही चालू राहिली, नाणी पिढ्यानपिढ्या चलनात फिरली. अशा नाण्याला यंत्रावर पाडलेल्या सेंटची पट्टी लावून 70 पैकी गुण द्यायचे, यातून शिवराईबद्दल काहीच कळत नाही. तिथे विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: चकतीवर किती अक्षरं आली, वळण कसं आहे, ओळींमध्ये रेघा आहेत का (दुदांडी शिवराई त्यावरूनच ओळखतात), वजन किती. ठशाच्या अक्षरातला 'र' कसा काढलाय यातून जेवढा इतिहास हाती लागतो तेवढा चमकीतून लागत नाही. आणि बाजाराने चमकीला भाव दिला की लोक शिवराया घासतात. अक्षरांच्या कडा, मातीचे कण, मूळचा थर, सगळं त्या घासण्यात जातं. याचं मला खरंच वाईट वाटतं. चुकीच्या पट्टीने आकडा चुकतो एवढंच नाही, पुरावाही जातो.

यावर एक ठरलेला उपाय सुचवला जातो: डोळ्यांवर विश्वास नाही ना, मग यंत्र आणा. मीही आणलं होतं, शेजारच्या विभागातून मागून. ग्लॉसमीटर 20, 60 किंवा 85 अंशांतून प्रकाश टाकतो आणि किती परतला ते सांगतो. काळ्या, गुळगुळीत काचेच्या प्रमाण तुकड्याला 100 धरलेलं असतं. रंगलेल्या पत्र्यासाठी झकास. पण त्याचा प्रकाशाचा ठिपका सपाट पृष्ठभाग मागतो आणि नाण्यावर मुकुट, अक्षरं, सिंह असे उंचवटे असतात. वर चऱ्यांना दिशा असल्यामुळे नाणं जरा फिरवलं की आकडा बदलतो. रिचर्ड हंटर याने 1930 च्या दशकातच दाखवलं होतं की ग्लॉस ही एक गोष्ट नसून निदान सहा वेगवेगळे गुणधर्म आहेत. म्हणजे व्याख्या गोंधळलेली असेल तर यंत्र तोच गोंधळ दशांश चिन्हासकट छापून देतं.

मला उपयोगी पडली ती दुसरीच गोष्ट. कॅमेरा नाण्यावर घट्ट बसवायचा, शेजारी काळा चकचकीत गोळा ठेवायचा आणि एकच दिवा वेगवेगळ्या जागी धरत पन्नासेक फोटो काढायचे. गोळ्यावरच्या ठिपक्यावरून दिवा कुठे होता ते कळतं आणि संगणक त्यातून पृष्ठभागाचं असं चित्र बनवतो की ज्यावर पडद्यावरच दिवा फिरवता येतो. टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलेल्या पद्धतीतून हे तंत्र वाढलं, सॉफ्टवेअर फुकट मिळतं. यात गुण देण्याची घाई नसते. आरे फिरतात की नाही हे दुसऱ्या माणसाला, दुसऱ्या शहरात बसून, माझ्याशिवाय तपासता येतं. लिलावाच्या एका फोटोत ते कधीच शक्य नाही, तिथे दिवा छायाचित्रकाराच्या मर्जीने लागलेला असतो.

आकड्यांबद्दल एक शेवटची कुरकुर. 63 आणि 64 मधलं अंतर 20 आणि 21 मधल्या अंतराएवढं आहे असं कुणीही सांगू शकत नाही. या क्रमवारीच्या पायऱ्या आहेत. तरी प्रबंधांत त्यांची सरासरी काढलेली दिसते, टी-टेस्ट लावलेली दिसते. मध्यक घ्या, क्रमावर आधारित चाचण्या वापरा. आणि दोन जणांनी स्वतंत्रपणे पायऱ्या दिल्या असतील तर त्यांचं किती जुळतं ते कोहेनच्या कप्पाने बघा, पायऱ्या असल्यामुळे भारित कप्पा जास्त योग्य. एकट्यानेच काम करत असाल तर निदान महिन्याभराने आधीचे आकडे झाकून पुन्हा द्या आणि स्वतःशीच किती जुळतं ते छापा. छापायला लाज वाटते, मला वाटली. गाईड मॅडमचं म्हणणं असं की तो आकडा परिशिष्टात न टाकता पद्धतीच्या प्रकरणातच द्यायचा, पहिल्या दोन पानांत.

माझ्या तक्त्यात आता लकाकी हा रकाना नाही. त्याच्या जागी चार आहेत: आरे फिरतात का (हो, अंशतः, नाही), रंग, उंच भागांवरची झीज, आणि स्वच्छ केल्याच्या खुणा. शिवरायांसाठी पहिला रकाना मी भरतच नाही, तिथे आडवी रेघ. परवा एका परिचित संग्राहक काकांना हा तक्ता दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, आणि विचारलं, "ते ठीक आहे गं, पण एकूण मार्क किती?"